आमिश लोक यंत्राला पाप मानत नाहीत

व्हॉट्सॲपवर आमिश लोकांच्या घोडागाडीचा एक फोटो फिरतो. खाली मजकूर: ‘अमेरिकेतले हे ख्रिस्ती लोक वीज, फोन, मोटार पाप मानतात. धर्माने त्यांना तीनशे वर्षं मागे ठेवलंय. शिवाय ढोंगी, कारण दुसऱ्याच्या मोटारीत बसतात.’

आधी पापाचं बघू. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत आमिश सुतारांच्या कारखान्यांत करवत आणि ड्रिल हवेच्या दाबावर चालतात. डिझेल इंजिन कॉम्प्रेसर फिरवतं, पाइपांतून हवा यंत्रांपर्यंत जाते. गोठ्यातलं दूध थंड ठेवायलाही डिझेलच. यंत्रच पाप असतं तर हा सगळा खटाटोप कशाला? 1920च्या सुमारास त्यांनी नाकारली ती बाहेरून घरात येणारी विजेची तार. बॅटरी चालते, बऱ्याच ठिकाणी सौर पॅनेलही.

ढोंगाचा आरोप मला सगळ्यात अन्यायकारक वाटतो. मालकी आणि वापर यांत ते जाणूनबुजून फरक करतात. त्यांना चर्चची इमारत नसते, उपासना आळीपाळीने एकेकाच्या घरी होते. एका मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या गटात, साधारण पंचवीस ते चाळीस कुटुंबं, सगळी घोडागाडीच्या टप्प्यात. दारात मोटार आली की माणूस लांब राहायला जातो, लांबची कामं धरतो आणि शेजाऱ्याची गरज संपते. दवाखान्यात जायला भाड्याची मोटार केली तर यातलं काहीच मोडत नाही. फोनचंही तेच. जुन्या वळणाच्या वस्त्यांत तो रस्त्याकडेच्या लहानशा खोपटात असतो, दोन-चार घरांत मिळून एक. कामाचं बोलायचं आणि परत यायचं. जेवताना तो वाजत नाही. साधन तटस्थ असतं, वापरणाऱ्यावर सगळं अवलंबून, असं आपण सहज म्हणून टाकतो. त्यांना ते पटत नाही, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे.

‘तीनशे वर्षं मागे’ हेही चूक. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या) विधीआधी, मंडळीचे नियम सगळ्यांसमोर मांडून संमती घेतली जाते. ते बदलतातही, मंडळीगणिक वेगळे असतात. बिशपचा शब्द जड असतो, हे खरं. आठवीनंतर शाळा बंद (1972मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा दिली) आणि बाप्तिस्मा घेतल्यानंतर समाज सोडणाऱ्यावर बहिष्कार, यांवर टीका जरूर करा. मीही करतो. पण ती टीका घोडागाडीचा फोटो लावून होत नाही.