म्हणे 'यशस्वी मंडळीची पाच लक्षणं'!

'यशस्वी मंडळीची (म्हणजे चर्चची) पाच लक्षणं' हा मेसेज गेला महिनाभर आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्षच करत होतो. पण परवा मावशीचा फोन आला, "अरे, इन्सुलिन बंद करू का? त्यात लिहिलंय, गोळ्या चालू म्हणजे विश्वास कमी." आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सभासद दरवर्षी वाढतात, दानार्पण वाढतं, आजारी माणसं औषधाविना बरी होतात, स्वतःची भव्य इमारत असते आणि तरुण भरपूर असतात. असं असेल तर सेवा यशस्वी, नाहीतर पाळकात, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूत, खोट.

आधी औषधाचं. हे लिहिणाऱ्यानं बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं वाचलीत का? त्याचा सहकारी त्रफिम आजारी पडला, तर पौल त्याला मिलेत गावात ठेवून पुढे गेला. तरुण सहकारी तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्यानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, 'तुझा विश्वास कमी पडतोय' असं सुनावलं नाही. त्याचा जिवलग सोबती लूक तर वैद्यच होता. या मेसेजच्या हिशेबानं पौलाची सेवा नापास! आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात, अध्याय २५ मध्ये, प्रभू येशू काय विचारतो? मी आजारी होतो तेव्हा समाचाराला आलात का. किती जण बरे केलेत, हा प्रश्नच तिथे नाही. प्रार्थनेनं माणसाला उभारी येते, मी स्वतः आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. पण टाइप वन मधुमेहाच्या रुग्णाचं इन्सुलिन तोडलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. इतरांची शुगरही बेफाम वाढते, मग डोळे, मूत्रपिंडं, पाय, काहीच सुरक्षित राहत नाही. असं झालं की मेसेज पाठवणारे 'प्रभूची इच्छा' म्हणून मोकळे.

सभासदांच्या आकड्याला उत्तर म्हणून अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल पुरेसे आहेत. १८१३ मध्ये ते मुंबईत उतरले. तेरा वर्षं मराठी शिकले, रस्त्यावर प्रवचनं दिली, शाळा चालवल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतरावर राबले. बाप्तिस्मा घेतलेले मात्र बोटांवर मोजण्याइतके. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिकला गेले, तिथे पटकीची (कॉलऱ्याची) साथ. जवळची औषधं रोग्यांना वाटत राहिले, साठा संपत आल्यावर परत फिरले आणि वाटेत पटकीनंच गेले. औषधं वाटणारा मिशनरी, बरं का! त्यांनी पाया घातलेल्या अमेरिकन मराठी मिशनमधूनच पुढे नगर भागातल्या कितीतरी मंडळ्या उभ्या राहिल्या. १८२६ मध्ये कुणी हजेरीपट पाहिला असता तर 'अपयशी' असा शेरा मारून मोकळा झाला असता. आणि योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय ६ मध्ये, प्रभूच्या हातून पाच हजार जेवले, पण बोलणं कठीण वाटताच बरेच शिष्य पाठ फिरवून गेले. प्रभू मागे धावला नाही, उलट जवळच्या बारा शिष्यांना विचारलं, तुम्हालाही जायचंय का?

दानार्पणावर जास्त लिहीत नाही. प्रभूनं जिचं दान सगळ्यांत मोठं म्हटलं, त्या गरीब विधवेची दोन नाणी कुठल्या पावतीपुस्तकात मोठी दिसली असती?

इमारत? कॅलिफोर्नियातलं क्रिस्टल कॅथेड्रल हे भव्य चर्च आठवा. काचेची दहा हजारांहून जास्त तावदानं, टीव्हीवरून जगभर प्रक्षेपण. २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, आणि मग ती वास्तू कॅथलिक धर्मप्रांतानं पावणेसहा कोटी डॉलरांना विकत घेतली.

राहिले तरुण. इथे मात्र मेसेजात अर्धं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. 'थोडे पण निष्ठावंत' म्हणत रिकाम्या बाकांना पावित्र्य चिकटवायची आपल्यालाही खोड आहे. पोरं पुण्यामुंबईला नोकरीला गेली हे खरं, पण जी गावात आहेत ती तरी का येत नाहीत? पंचविशीतल्या मुलीचं नाव पास्टोरेट कमिटीसाठी, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीसाठी, सुचवा, लगेच ऐकू येतं, "अजून लहान आहे." नाताळच्या कार्यक्रमात खुर्च्या लावायला मात्र तीच मोठी असते.