पहाटे तीनचे ब्रिक्स

आमच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतील नोंदवहीत मागच्या हंगामातील जानेवारीच्या एका रात्री अशी नोंद आहे की, पहाटे तीन वाजता पहिल्या मिलच्या रसाचे ब्रिक्स ८१ होते. साखरधंद्याशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सांगतो की, शंभर ग्रॅम रसात विरघळलेले घन पदार्थ किती ग्रॅम आहेत, ते ब्रिक्सच्या आकड्यावरून कळते. उसाच्या रसात हा आकडा अठराच्या आसपास असतो आणि तोच रस आटवून त्याचा पाक केला की तो साठाच्या घरात जातो. म्हणजे माझ्या नोंदीवर विश्वास ठेवायचा झाला, तर त्या रात्री आमच्या सभासद शेतकऱ्यांनी ऊस न पाठवता थेट शेतात पिकलेली काकवी पाठवली होती. सकाळी चीफ केमिस्ट साहेबांनी मला बोलावून अतिशय शांतपणे विचारले, "रस इतका दाट येत असेल, तर बॉयलर विझवून आपण चमच्यानेच पोती भरायला घेऊ या का?"

खरे ब्रिक्स १८ होते. हायड्रोमीटर मी नीट पाहिला होता, आकडाही मनात नीट म्हटला होता, आणि मनातून वहीपर्यंतच्या वीतभर प्रवासात एक आणि आठ यांनी जागा बदलल्या होत्या. साहेबांचा समज असा झाला की, मी झोपेत नोंद केली. हा माझ्यावर अन्याय होता, कारण झोपेत असतो तर मी काहीच लिहिले नसते. मी बरोबर पाच मिनिटांपूर्वी उठलो होतो आणि घोटाळ्याचे मूळ नेमके तेथेच होते.

आपल्या भाषेने झोपेकडे जाणाऱ्या वाटेवर पुष्कळ शब्द पेरून ठेवले आहेत. माणसाला आधी पेंग येते, मग झापड येते, मग डुलकी लागते आणि शेवटी डोळा लागतो. परतीच्या वाटेवर मात्र 'जाग आली' एवढेच म्हणून भाषा मोकळी होते, जणू जाग हा विजेचा दिवा असून खटका दाबताच तो लख्ख पेटतो. माझी जाग जुन्या ट्यूबलाइटच्या जातीची आहे. ती आधी लुकलुकते, मग गुणगुणते, आणि स्टार्टर फिरवूनही कोणी तिला घाई करू शकत नाही. शास्त्रज्ञ या अवस्थेला 'स्लीप इनर्शिया' म्हणतात, आणि इनर्शिया म्हणजे तेच जडत्व, जे आम्ही शाळेत न्यूटनच्या नावाने पाठ केले होते. स्थिर वस्तू स्थिरच राहू पाहते, हे वाक्य त्या वेळी कळले नव्हते. ते बाकड्यावरून उठून रसाचा नमुना आणायला निघताना कळले.

ही जडता साधारण पंधरा मिनिटे ते अर्धा तास टिकते, कधी तासभरही रेंगाळते, आणि गाढ झोपेतून उठवल्यास ती सर्वाधिक असते. डोळा लागल्यानंतर अर्ध्या तासाच्या सुमारास माणूस बहुधा त्या गाढ झोपेत उतरलेला असतो. त्यात पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान दिवसातील नीचांकाकडे गेलेले असते, त्यामुळे दुपारची जी डुलकी माणसाला ताजेतवाने करते, तीच पहाटे त्याला मातीच्या गोळ्यासारखी करून सोडते. आमचे नमुने तासातासाला घ्यायचे असल्यामुळे दोन नमुन्यांच्या मध्ये जी डुलकी बसते, ती मोजून पाऊण तासाची असते. झोपेच्या सर्वांत चुकीच्या ठिकाणी उठण्याची इतकी नियमित सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

नासाने लांब पल्ल्याच्या उड्डाणांवरील वैमानिकांना चाळीस मिनिटे विश्रांती देऊन पाहिले, तेव्हा त्यांना सरासरी सव्वीस मिनिटे झोप लागली आणि त्यांची सावधानता सुधारली. हे वाचल्यावर मी वीस मिनिटांचा नियम करायचे ठरवले. परंतु नासाकडे नासाची माणसे असतात आणि माझ्याकडे अण्णा आहेत. अण्णा आमचे प्रयोगशाळा सहायक. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असून मला 'साहेब' म्हणतात, पण मनातून त्यांनी मला भाच्याच्या जागी धरले आहे. पहिल्या रात्री त्यांनी मला वीसऐवजी सत्तेचाळीस मिनिटांनी उठवले. कारण विचारले तर म्हणाले, "साहेब, तुम्ही हात उशाला घेऊन इतके लहान पोरासारखे झोपला होता, माझा हात पुढे होईना." दुसऱ्या रात्री मी त्यांना झोपेचे टप्पे, मेंदूच्या लहरी वगैरे सर्व समजावून सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि त्या रात्री पन्नास मिनिटे झोपू दिले. मोबाइलचा गजर लावला, तर माझी झोप मोडू नये म्हणून त्यांनी तो बंद केला. माणसाच्या कळवळ्यावर कोणत्याही शास्त्रात उतारा नाही.

अशाच एका पन्नास मिनिटांच्या डुलकीनंतर मी डोळे उघडले, तेव्हा खिडकीत झगझगीत पिवळा उजेड भरला होता. उजाडले, असा मी निष्कर्ष काढला. तोंड धुतले, नळकांडी विसळून उपडी घातली, रसातील साखर मोजायच्या पोलॅरिमीटरवर आच्छादन घातले, डबा पिशवीत टाकला आणि अण्णांना "चला, सुटलो," असे म्हणून सायकल काढायला निघालो. उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली वळण घेऊन ऊस टाकायच्या गव्हाणीकडे गेली, तेव्हा सूर्यही तिच्याबरोबर निघून गेला. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. विशेष म्हणजे या सर्व काळात मी पूर्ण जागा आहे याबद्दल मला किंचितही शंका नव्हती. पेंगणाऱ्या माणसाला निदान आपण पेंगत आहोत हे कळते. नुकत्याच उठलेल्याला तेवढेही कळत नाही.

याबाबत मला दिलासा मिळाला तो कॅनडातून. जानेवारी २०११ मध्ये टोरांटोहून झुरिकला निघालेल्या बोइंग ७६७ च्या सहवैमानिकाने रात्री अटलांटिकवर डुलकी घेतली. कंपनीच्या नियमानुसार अशी डुलकी चाळीस मिनिटांची असावी आणि उठल्यावर पंधरा मिनिटे तरी कामाला हात लावू नये. हे गृहस्थ पंचाहत्तर मिनिटे झोपले. (तेथेही कोणी अण्णा असावेत.) उठल्यावर त्यांनी आधी शुक्राच्या चांदणीला समोरून येणारे विमान मानले. मग हजार फूट खालून जाणारे खरे विमान दिसले, तेव्हा ते आपल्यावर उतरत आहे अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी विमानाचे नाक खाली दाबले. पट्टे न बांधलेल्यांपैकी कित्येक जण छताकडे फेकले गेले आणि एकूण सोळा जण जखमी झाले. त्यांची चूक अर्थातच गंभीर होती. मात्र केवळ खगोलशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांनी एका ग्रहाला विमान मानले आणि मी एका ट्रॅक्टरला सूर्य मानले, त्यामुळे या बाबतीत मी त्यांच्या पुढे आहे.

झोपण्याआधी चहा प्यावा, म्हणजे त्यातील कॅफीनचा अंमल वीस-तीस मिनिटांनी सुरू होतो आणि तोवर डुलकी आटोपलेली असते, असाही एक उपाय आहे. तो मी केला. साखर कारखान्यातील चहाला ब्रिक्स असते, एवढेच त्याबद्दल सांगतो.

८१ च्या नोंदीनंतर साहेबांनी लेखी आदेश काढला की, यापुढे दोन ते पाच या वेळेतील प्रत्येक नोंदीवर केमिस्ट आणि सहायक अशा दोघांनी शेजारशेजारच्या रकान्यांत सह्या कराव्यात, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात येईल. आदेशाच्या पहिल्याच रात्री मी बाकड्यावर आणि अण्णा खुर्चीत, असे दोघेही दोनच्या नमुन्यानंतर आडवे झालो. तीनला पाच कमी असताना मिलवरचा पोऱ्या रसाची बाटली घेऊन आला, त्याने दार वाजवले आणि आम्ही एकदमच उठलो. मी ब्रिक्स पाहिले, अण्णांनी पाहिले, आकडा दोनदा मोठ्याने म्हटला, १८.२ असा ठळक लिहिला आणि दोघांनी सह्या केल्या. साडेतीनला डोके ताळ्यावर आल्यावर मी वही उघडली. आकडा अचूक होता. फक्त केमिस्टच्या रकान्यात अण्णांची सही होती आणि सहायकाच्या रकान्यात माझी.

ती तशीच राहू दिली. वही साहेबांच्या बंगल्यावर सकाळी सहाला जाते, आणि ते ती अंथरुणात बसूनच पाहतात. त्या नोंदीखाली त्यांनी 'तपासले, बरोबर' असा शेरा मारला आहे आणि खाली तारीख आदल्या दिवसाची घातली आहे.