नवीन साहेब येऊ द्या

परवा रात्री सोसायटीच्या ग्रुपवर पत्रिका आली. केशरी रंग, चारही कोपऱ्यांत झेंडू, मधोमध गणवेशातला फोटो. "आपल्या पोलीस ठाण्याचे नवनियुक्त वरिष्ठ पोलीस निरीक्षक साहेब यांचा भव्य नागरी सत्कार व स्नेहभोजन." ठिकाण वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. ठिकाण तेच लॉन.

तेच हो! ज्याच्या डीजेविरुद्ध मी गेल्या सात महिन्यांत चार अर्ज दिलेत. चारींची पोच माझ्याकडे आहे, आवक क्रमांकासह, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. ज्या लॉनमुळे लग्नसराईत आमच्या काचेच्या कपाटातल्या वाट्या आपोआप सरकतात, त्याच लॉनवर, त्याच मालकाच्या खर्चानं, आमच्या नव्या साहेबांचं स्वागत. आणि खाली ग्रुपवर सत्तावीस जणांनी हात जोडलेले. एकानं तर लिहिलं, "खूप छान उपक्रम." उपक्रम! या शब्दाला एकदा कोणीतरी अटक केली पाहिजे.

गावाचं नाव लिहीत नाही. उद्या मलाच त्या चौकीत जायचंय. तसंही नाव कशाला हवं? आठ-दहा वर्षांपूर्वी जिथे ज्वारी होती तिथे आता बावीस मजली टॉवर, पाण्याचे टँकर, तीन इंटरनॅशनल शाळा आणि एक पोलीस ठाणं. ठाण्याचं मनुष्यबळ ज्वारीच्या काळातलं. असं गाव तुमचंही असेल.

तर मी इथे राहायला आल्यापासून सहा वर्षांत हे सहावे साहेब. मी मोजलेत. पहिले आले तेव्हा मी उत्साही होतो, नकाशा काढून नेला होता. हो, हातानं काढलेला, लॉन लाल पेन्सिलीनं. त्यांनी तो कौतुकानं पाहिला, टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि तीन महिन्यांनी गेले. दुसऱ्या साहेबांच्या काळात तोच नकाशा काचेखाली होता, पण त्यावर देवस्थानचं कॅलेंडर आलं होतं. तिसऱ्यांनी काचच बदलली. चौथे सज्जन होते, पण बोलायला गेलं की "साहेब बंदोबस्ताला गेलेत." पालखी, गणपती, सभा, कुणाचा तरी दौरा. मला तर वाटायचं, हा माणूस आमच्या गावाला नेमलाय की बंदोबस्ताला?

पाचवे मात्र वेगळे निघाले. खोटं बोलणार नाही. जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री पावणेअकराला साध्या कपड्यांत आले, आमच्या गॅलरीत उभे राहिले, हिच्या हातचा चहा घेतला आणि दहा मिनिटं नुसतं ऐकलं. म्हणजे ऐकू येण्यासारखं तेवढंच होतं. मग तिथूनच लॉनमालकाला फोन लावला. फोनवर काय बोलले ते मी लिहू शकत नाही, घरात नात होती. त्यानंतर सलग तीन शनिवार-रविवार रात्री दहाला आवाज बंद. तिसऱ्या रात्री ही म्हणाली, "अहो, हा कसला आवाज?" रातकिडे होते. इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदा ऐकले.

चौथ्या आठवड्यात बदली.

व्हॉट्सअ‍ॅपवर यादी फिरली, चाळीसेक नावांची पीडीएफ, त्यात एकोणिसावे आमचे. "प्रशासकीय कारणास्तव." साहेब ठाण्यातून थेट नियंत्रण कक्षात. त्यांचं सामान हलायच्या आत लॉनवर "आज मेरे यार की" सुरू. मी घड्याळ पाहिलं, अकरा दहा.

ताबडतोब चौकीत गेलो. ठाणे अंमलदारांशी झालेला संवाद जसाच्या तसा देतो, कारण मी घरी येऊन डायरीत उतरवला.

"साहेबांची बदली झाली, काका."

"ते कळलं. चार्ज कोणाकडे?"

"क्राइम पीआयकडे."

"त्यांना भेटतो."

"ते बंदोबस्ताला."

"मग अर्ज तुमच्याकडे देतो."

"द्या की. पण नवीन साहेब येऊ द्या. आत्ता देऊन काय उपयोग? नवीन साहेब सगळं पहिल्यापासून बघणार."

पहिल्यापासून! या एका शब्दावर माझं बीपी वाढलं. मी आधीच पाच वेळा पहिल्यापासून सांगितलंय. आमचं गाव कुठे, नाला कुठे, लॉनला परवानगी कशाची, शाळेसमोरून उलट्या दिशेनं डंपर किती वाजता येतात. पाच साहेबांचं शिक्षण माझ्या पैशानं झालंय, झेरॉक्सचे पैसे धरले तर. आणि एकाचं शिक्षण पूर्ण झालं की त्याला उचलून दुसरीकडे. जून महिन्यात पहिलीच्या वर्गावर नवीन बाई येतात तसं.

कोणी म्हणेल, कायदा पाहा. पाहिला. रिटायर्ड माणसाला दुसरं काम काय? महाराष्ट्र पोलीस अधिनियमात स्वच्छ लिहिलंय की निरीक्षकाचा पोलीस ठाण्यातला सर्वसाधारण कालावधी दोन वर्षं. त्याआधी 1996 साली एका निवृत्त पोलीस महासंचालकांनीच, प्रकाश सिंह यांनी, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. निकाल यायला 2006 उजाडलं. त्यात ठाणेप्रमुखालाही किमान दोन वर्षं द्या असं न्यायालयानं बजावलं. म्हणजे हे दुःख माझ्या एकट्याचं नाही, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेलं दुःख आहे. बदल्या ठरवायला पोलीस आस्थापना मंडळंही झाली. पण "सर्वसाधारण" या शब्दाच्या मागे "अपवादात्मक परिस्थितीत" नावाचं दार उघडंच आहे, आणि आमच्याकडे सहा वर्षं नुसती अपवादात्मक परिस्थिती चालू आहे.

आणि वरचं तरी कुठे स्थिर? पिंपरी-चिंचवडचंच घ्या. 2001 ला दहा लाखांचं शहर, 2011 ला सतरा लाखांच्या वर. 2021 ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही, म्हणजे आज किती ते देवाला आणि टँकरवाल्यांना माहीत. थोडा भाग पुणे शहर पोलिसांकडे, थोडा ग्रामीणकडे, असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी 15 ऑगस्ट 2018 ला स्वतंत्र आयुक्तालय झालं. लोकांनी पेढे वाटले. आणि 2022 संपायच्या आत पाचवे आयुक्त खुर्चीत! शहर वाढलं म्हणून नवी खुर्ची केली, आता खुर्चीत कोण ते दिवाळीपर्यंत विचारू नका.

हद्दीचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. मागे माझी स्कूटर चोरीला गेली. नाल्याच्या अलीकडे लावली होती की पलीकडे, यावर दोन ठाण्यांत पाऊण तास फोनाफोनी. मी म्हटलं, स्कूटर नाल्यावर तरंगत होती असं लिहा आणि मोकळे व्हा. ते त्यांना आवडलं नाही. स्कूटर अजून मिळालेली नाही, हेल्मेट आहे घरी.

या सगळ्यावर मीठ चोळलं ते माझ्या भाचीनं. ती अमेरिकेत, डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहते. तिकडेही तसंच, कालपर्यंत शेतं, आज घरंच घरं. तिच्या शेजारचं फ्रिस्को 2000 साली जेमतेम 33 हजार वस्तीचं होतं, 2020 ला दोन लाख. तर तिच्या गावचा पोलीसप्रमुख निवृत्त होतोय. तिचा फोन आला, "मामा, गुरुवारी लायब्ररीत तीन उमेदवार येणारेत, लोकांनी प्रश्न विचारायचे. तू एखादा सुचव ना." गावानं जाहिरात दिली होती म्हणे. मग लोकांना प्रश्नावली पाठवली, तुम्हाला प्रमुख कसा हवा, कशाचा त्रास जास्त होतो. तिघांची माहिती गावाच्या वेबसाइटवर, आधी कुठे होता, किती वर्षं होता, का सोडलं.

मी फोन कानाला धरून गप्प. तिला वाटलं लाइन गेली.

मग मी खवचटपणे विचारलं, "आणि निवडता तुम्हीच का?" तर नाही. ऐकून सगळ्यांचं घेतात, नेमतो सिटी मॅनेजरच, म्हणजे गावाचा मुख्य प्रशासक. उमेदवार शोधायला वेगळी कंपनी आहे, ती पैसे घेते ते वेगळे. एका उमेदवारानं चहाकॉफीच्या वेळी तिथल्या बिल्डरशी जरा जास्तच गप्पा मारल्या, असंही ती म्हणाली. ते ऐकून मला फार बरं वाटलं. पण तरी! निदान माणूस यायच्या आधी त्याचं तोंड दिसतं. आमच्याकडे साहेब पहिल्यांदा दिसतात ते फ्लेक्सवर, "हार्दिक स्वागत"च्या खाली, आणि शेजारी ज्याच्यावर दोन गुन्हे दाखल आहेत त्याचा त्याहून मोठा फोटो.

फ्लेक्स हा माझा दुसरा राग आहे. चौकातला सिग्नल दिसत नाही, पण कोणाचा वाढदिवस आहे ते दिसतं. असो. नाही, असो कसलं! तिसरा राग म्हणजे ती माणसं, जी म्हणतात, "साहेब आपले खास आहेत." नवीन साहेबांनी अजून खुर्ची पुसून घेतली नसते आणि यांचे ते खास. मागच्या साहेबांचेही हेच खास होते. हे लोक बहुतेक बदलीच्या यादीबरोबरच छापून येत असावेत.

हे सगळं मी जेवताना मोठ्यानं बोलत होतो. ही शांतपणे म्हणाली, "तुम्ही नोकरीत असताना लोकांना काय सांगायचात?"

घास घशात अडकला.

सांगतो. बत्तीस वर्षं सरकारी खात्यात काढली, कोणतं ते विचारू नका. खिडकीवर बसायचो. साहेबांची बदली झाली की आम्हां कारकुनांची दिवाळी. "नवीन साहेब येऊ द्या" हे वाक्य मी दिवसाला किती वेळा म्हणायचो याची मोजदाद नाही. एक म्हातारे गृहस्थ तर सहा वेळा आले होते, प्लास्टिकचा फोल्डर घेऊन. तेव्हा मला त्या फोल्डरचं हसू यायचं. परवा माझा फोल्डर पाहून तो ठाणे अंमलदार हसला नाही, एवढा तरी तो माझ्यापेक्षा बरा.

तर काल सत्काराला गेलो. हो, गेलो. खिशात अर्ज होता, पाचवा. साडेसातची वेळ, साहेब सव्वानऊला आले. मधल्या वेळात सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. मग संयोजकांचे. मग मंडपवाल्याचा. सूत्रसंचालकानं "खाकीतला देवमाणूस" असं चार वेळा म्हटलं, ज्या देवाला गावात येऊन पाच दिवस झाले होते. साहेब तरुण, दिसायला बरे, चेहऱ्यावर अशा कार्यक्रमांचा थकवा. मला त्यांची दया आली. त्यांनाही कोणी विचारलं नसणार, इथे यायचंय का म्हणून. मुलांच्या शाळेचं काय, बायकोच्या नोकरीचं काय, कोण जाणे.

तेवढ्यात माइकवर माझं नाव. आमच्या चेअरमननं परस्पर देऊन ठेवलं होतं, "ज्येष्ठ नागरिकांच्या वतीनं शाल-श्रीफळ." पळून जाण्याइतके गुडघे राहिले नाहीत. चढलो स्टेजवर. शाल घातली, नारळ दिला, फोटोवाला म्हणाला, "काका, इकडे बघा, हसा." हसलो. हीच संधी म्हणून साहेबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "साहेब, या लॉनबद्दल बोलायचं होतं."

मागे दोन माणूसभर उंचीचे स्पीकर. सनई रिमिक्स.

साहेब मान डोलवून म्हणाले, "हो, हो, छान आहे लॉन!"

खाली उतरलो. आता आलोच आहे म्हणून जेवलो. मठ्ठा पातळ होता, पण जिलेबी गरम होती, तीन खाल्ल्या, चौथी मालकानं स्वतः आग्रहानं वाढली. मी नको म्हणालो नाही. सव्वादहाला घरी आलो तेव्हा वाट्या सरकत होत्या.

"अर्ज दिलात?" हिनं विचारलं. खिशात हात घातला. होता. पाकाचा डाग पडला होता, नेमका "प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक" याच्यावर.

आज सकाळी चौकात फ्लेक्स लागला. साहेब, त्यांच्या डाव्या बाजूला लॉनमालक, उजव्या बाजूला मी. दात दिसतायत माझे. भाचीला फोटो पाठवायचा धीर झाला नाही. ग्रुपवर मात्र एकानं लिहिलंय, "काका साहेबांचे खास आहेत, काही काम असेल तर सांगा."

दुपारी नवा अर्ज टाइप करून आणला. साहेबांच्या नावाची जागा कोरी ठेवलीय. दहा झेरॉक्स काढल्यात.