हवा खाणारा जिवाणू आणि युरियाची गोणी

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर पुतण्याने एक चित्रफीत टाकली. 'कार्बन खाणारा जिवाणू तयार, तापमानवाढीची चिंता मिटली' असा तिचा मथळा होता आणि खाली मला उद्देशून विचारले होते, 'काका, तुम्ही जन्मभर जिवाणूच सांभाळलेत, हे खरे आहे का?' तिथे दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

'जिवाणू सांभाळले' ही पुतण्याची थट्टा असली तरी ती खोटी नाही. एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत सत्तावीस वर्षे मी बायोगॅसचा विभाग पाहिला. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की दहा ते पंधरा लिटर स्पेंटवॉश मागे उरतो. काळपट तपकिरी, उग्र वासाचा आणि आंबट. तो बंद डायजेस्टरमध्ये सोडला की आतले जीव त्यातील सेंद्रिय पदार्थ फोडतात, मिथेन तयार होतो आणि तो बॉयलरला जातो. एका हंगामात वरून आदेश आला की फीड (म्हणजे टाकीत सोडायचा स्पेंटवॉश) वाढवा, गॅस कमी पडतो आहे. आम्ही वाढवले. तिसऱ्या दिवशी आम्लांचे प्रमाण चढले, सामू (पीएच) साडेसहाच्या खाली गेला, गॅस होल्डर हळूहळू खाली बसत गेला आणि रात्रपाळीत फ्लेअरची (जादा गॅस जाळणाऱ्या नळीची) ज्योत दोनदा लवलवून विझली. आम्ले तयार करणारे जिवाणू भराभर वाढतात, त्या आम्लांचा मिथेन करणारे मात्र फार सावकाश वाढतात (शास्त्राच्या काटेकोर भाषेत ते जिवाणूही नव्हेत, त्यांना आर्किया म्हणतात), हे पुस्तकात वाचलेले मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिले. फीड बंद केले, चुना टाकला, आसपासच्या गोठ्यांतून ताज्या शेणाच्या ट्रॉल्या आणल्या आणि गॅस पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले. तेव्हापासून जिवाणूविषयी कोणी मोठी गोष्ट सांगू लागले की माझा पहिला प्रश्न एकच असतो: तो खातो काय आणि राहतो कुठे?

चित्रफितीतला जिवाणू याच प्रश्नावर अडतो. तो इस्राएलच्या वाइझमन संस्थेत रॉन मिलो यांच्या गटाने २०१९ साली जाहीर केलेला ई. कोलाय आहे. हा जिवाणू आपल्या आतड्यात राहतो आणि साखरेसारख्या तयार अन्नावर जगतो. या गटाने त्यात कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुके घातली, मग त्याला शर्करेवर अर्धपोटी ठेवून पिढ्यान्‌पिढ्या वाढवले, आणि सुमारे दोनशे दिवसांनी असे वंशज मिळाले की ज्यांच्या शरीरातला सगळा कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला होता. विज्ञान म्हणून ही कामगिरी थोर आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. परंतु कार्बन पकडायला ऊर्जा लागते आणि ती या जिवाणूला सूर्यापासून मिळत नाही. ती फॉर्मेट नावाच्या रसायनातून द्यावी लागते. फॉर्मेट वापरताना जितका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो जिवाणूने आत घेतलेल्यापेक्षा जास्त असतो. शिवाय त्याला वाढवताना दहा टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा पुरवावी लागली. आपण श्वास घेतो त्या हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास आहे. पोषक द्रवात जो जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्याला अशा उपवासात दुप्पट व्हायला अठरा तास लागले. फॉर्मेटचा हा हिशेब खुद्द संशोधकांनी मांडला आहे. चिंता मिटवली ती चित्रफीत करणाऱ्याने.

मग जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंचा उपयोगच नाही का? आहे, पण जिथे वायू दाट आहे, टाकी बंद आहे आणि वायूतच ऊर्जा आहे तिथे. पोलाद कारखान्याच्या धुरांड्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो आणि हा वायू काही जिवाणूंचे उत्तम अन्न आहे. सशाच्या लेंड्यांतून वेगळा केलेला क्लोस्ट्रिडियम ऑटोइथॅनोजेनम हा जिवाणू त्यापासून इथेनॉल बनवतो. लान्झाटेक या कंपनीच्या या तंत्रावर चीनमध्ये २०१८ पासून पोलाद कारखान्याचा वायू वापरला जातो, बेल्जियममधल्या गेंट येथे वर्षाला आठ कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पाचे २०२२ च्या डिसेंबरमध्ये उद्घाटन झाले, आणि आपल्याकडे पानिपतच्या रिफायनरीतही हेच तंत्र आणले गेले. २०२२ सालीच याच जातीच्या जिवाणूत जुन्या अ‍ॅसिटोन उद्योगातील जिवाणूंच्या संग्रहातून शोधलेली जनुके बसवून त्याच्याकडून अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपेनॉल करून घेतल्याचे प्रसिद्ध झाले. त्या मालात हवेत सोडल्यापेक्षा जास्त कार्बन अडकतो असा संशोधकांचा हिशेब आहे. इथेनॉलबाबत मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलावी. ते गाडीत जळाले की कार्बन शेवटी हवेतच जातो. तोच कार्बन एकदाऐवजी दोनदा वापरला जातो आणि तेवढे खनिज तेल वाचते. हा फायदा खरा आहे, पण त्याला 'कार्बन खाणे' म्हणू नये.

माझ्या मते खरा विषय हवेतल्या कार्बनपेक्षा जमिनीतल्या नत्राचा आहे, आणि त्याच्या चित्रफिती कोणी पाठवत नाही. नायट्रस ऑक्साइड हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७३ पट तापदायक आहे आणि माणसामुळे होणाऱ्या त्याच्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा स्रोत शेती आहे. उसाला टाकलेल्या युरियातले निम्म्याहून अधिक नत्र बहुधा पिकाला मिळतच नाही. काही अमोनिया होऊन उडते, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरते, आणि उरलेल्या नायट्रेटवर पाटपाण्याने चिंब झालेल्या, हवा कोंडलेल्या मातीतले जिवाणू जगतात. ते नायट्रेटचा टप्प्याटप्प्याने साधा नायट्रोजन वायू करतात; तो निरुपद्रवी आहे, आपल्या भोवतीच्या हवेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग तोच आहे. गोची शेवटच्या पायरीवर होते. नायट्रस ऑक्साइडचा नायट्रोजन करणारे विकर तांब्यावर चालते, आम्लधर्मी मातीत अडखळते, थोडी हवा लागली तरी मागे पडते, आणि अर्धवट काम झालेला वायू वर निघून जातो. नॉर्वेच्या जीवविज्ञान विद्यापीठातील गटाने २०२४ साली या शेवटच्या पायरीत तरबेज असलेला एक जिवाणू बायोगॅसच्या टाकीतून निघणाऱ्या रबडीत वाढवून ती रबडी शेतात टाकली, तेव्हा नायट्रस ऑक्साइडचे उत्सर्जन मोठ्या प्रमाणात घटले. या जिवाणूत कोणताही जनुकीय बदल केलेला नव्हता. तो निवडलेला होता आणि त्याला रबडीचे घर मिळाले होते. स्पेंटवॉशच्या टाकीवर आयुष्य काढलेल्या माणसाला ही कल्पना किती आवडली असेल, हे सांगायला नको.

दुसरी वाट युरियाच कमी लागावा अशी आहे. हवेतले नत्र पिकाला देणारे जिवाणू आपल्या शेतकऱ्याला नवीन नाहीत. रायझोबियम आणि अ‍ॅझोटोबॅक्टरची पाकिटे गावोगाव विकली जातात. उसाच्या आत राहून नत्र स्थिर करणारा अ‍ॅसिटोबॅक्टर ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर यांच्या गटाने १९८८ साली वर्णिला, आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने लागणीपूर्वी बेणे त्याच्या द्रावणात बुडवण्याची शिफारस आपल्याकडे रुजवली. या जिवाणूंची एक खोड अशी की आसपास तयार नत्र दिसले की ते काम थांबवतात. नत्र स्थिर करणे हे ऊर्जेच्या दृष्टीने फार महागडे काम आहे, ते उगाच कोण करील? म्हणजे ज्या शेताला युरिया दिला आहे त्याच शेतात ते झोपतात. अमेरिकेतल्या पिव्होट बायो या कंपनीने मक्याच्या मुळांवर राहणाऱ्या जिवाणूतला हा ब्रेकच काढून टाकला. दुसऱ्या जातीचे जनुक न घालता त्याच्याच नियंत्रक जनुकांत बदल केला, त्यामुळे खत दिलेल्या शेतातही तो काम करत राहतो, आणि २०१९ पासून हे उत्पादन तिथे विकले जाते. तरीही मी टाळ्या वाजवायला थांबतो, कारण तिथल्या मक्याच्या पट्ट्यातील विद्यापीठांनी अशा नत्र-जिवाणू उत्पादनांच्या ज्या चाचण्या घेतल्या, त्यांत बहुतेक ठिकाणी पिकाच्या उताऱ्यात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. ब्रेक काढला म्हणून गाडी चढ चढतेच असे नाही. मुळाने साखर पुरवली पाहिजे, आणि शेजारच्या हजारो जातींनी त्याला जगू दिले पाहिजे.

आपल्याकडे त्याहून साधी अडचण आहे. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण बाकीची किंमत अनुदानातून भरली जाते. जिवाणूने एका गोणीची बचत केली, तरी शेतकऱ्याच्या खिशात पडणार तेवढेच. त्यासाठी तो पीक पिवळे पडण्याचा धोका का पत्करेल? अनुदानाचा काही भाग वाचवलेल्या नत्राच्या बदल्यात थेट शेतकऱ्याला मिळाला, तर उद्याचे सोडा, आजच्या साध्या अ‍ॅसिटोबॅक्टरलाही गिऱ्हाईक मिळेल. आणि ते पाकीट तरी जिवंत असते का? एका मे महिन्यात तालुक्याच्या एका दुकानातून मी जिवाणू खताची दोन पाकिटे घेतली. पत्र्याच्या छताखाली, दाराशी उन्हात ती रचून ठेवली होती आणि हाताला गरम लागत होती. घरी आल्यावर सवयीप्रमाणे प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याकडून तपासून घेतली. जिवाणूंच्या वसाहती मोजण्याइतक्याही उगवल्या नाहीत. त्या पुडीत जगातला सर्वांत हुशार, जनुक बदललेला जिवाणू असता तरी तो असाच मेला असता.

'सुटला तर काय?' हा प्रश्न पुतण्याने विचारला नाही, पण प्रतिक्रियांत कोणीतरी विचारीलच. बदल केलेला जिवाणू बाहेर पडल्यावर जग काबीज करील ही भीती मला अतिशयोक्त वाटते. प्रयोगशाळेत लाडावलेले जिवाणू मातीत बहुधा हरतात. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जिवाणूवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पेटंट मान्य केले. त्यातून कायदा बदलला, समुद्र मात्र त्या जिवाणूने साफ झाला नाही. परंतु जिवाणू एकमेकांना जनुके देतात आणि शेतात सोडलेला जिवाणू परत बोलावता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. टाकीतला जिवाणू वाफ सोडून मारता येतो. म्हणून कारखान्याच्या बंद टाकीला आणि उघड्या शिवाराला एकच फूटपट्टी लावू नये. आपल्या देशात १९८९ पासून अशा सूक्ष्मजीवांसाठी नियम आहेत. ते गुंडाळून ठेवावेत असे मी म्हणत नाही, पण चाचणी घेतली तर नायट्रस ऑक्साइड प्रत्यक्ष मोजावा आणि आकडे सगळ्यांना पाहता यावेत, ही मागणी मी जरूर करीन. उत्पादन किती वाढले एवढेच छापून आणणाऱ्या चाचणीने वायूचा हिशेब लागत नाही.

देशी जिवाणूंचा नीट शोध घेणे हेही काम बाकी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर यांच्या गटाने भातखाचरांतून मिथेन खाणारे देशी जिवाणू वेगळे केले आहेत. आपल्या चिखलात कोण राहते हे कळल्याशिवाय कोणात काय बदलावे हे कसे ठरणार?

पुतण्याला मी फोनवर एवढेच सांगितले की येत्या लागणीला चार सऱ्यांचे बेणे ताज्या अ‍ॅसिटोबॅक्टरच्या द्रावणात अर्धा तास बुडव, त्या सऱ्यांना युरिया निम्माच दे आणि तोडणीला वजन वेगळे कर. तो म्हणाला, 'काका, वजनाचे बघू, आधी पाकीट कुठून आणायचे ते सांगा.'