आपुलकी, शुक्रवारी साडेपाच वाजता

'एकमेकांच्या डोळ्यांत बघा. दोन मिनिटं. कुणी काही बोलायचं नाही.'

हे सांगणाऱ्या बाईंना कंपनीने पैसे मोजून बोलावलं होतं आणि ऐकणाऱ्या आम्हाला शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला हिंजवडीत फुकट थांबवलं होतं. त्या वेळी ऑफिसातून न निघालेला माणूस भूमकर चौकात कितीला पोचतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला माझी मनःस्थिती समजवायला नको. कार्यक्रमाचं नाव 'कनेक्ट'. हजेरी सक्तीची. आपुलकी सक्तीची. समोसा मात्र माणशी एकच.

माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ पन्नाशीचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. डोळे तपकिरी, डाव्यात मोतीबिंदूची सुरुवात असावी. दुसऱ्याच्या डोळ्यांत इतकं मी लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही पाहिलेलं नाही. मिनिटभराने त्यांची नजर घसरत माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आली आणि चेहरा एकदम उजळला.

'तुम्ही का ते टोलवाले!'

मग माझीही ट्यूब पेटली. अकाउंट्स! दर आठवड्याला मला 'क्लेम रिटर्न्ड, सपोर्टिंग मिसिंग, रिगार्ड्स' असा मेल धाडणारा तो अदृश्य हात. कंपनीच्याच कामासाठी मी गाडीने मुंबईला जाऊन आलो होतो. एक्सप्रेसवेचा टोल एका बाजूचा ३२०, जाऊन-येऊन ६४०. या रकमेसाठी त्यांना टोलनाक्याची कागदी पावती हवी होती.

'अहो, फास्टॅगला कागद निघत नाही,' मी कुजबुजलो. '२०२१ पासून सक्तीचा आहे तो. मेसेज येतो, तो जोडलाय.'

'मेसेज म्हणजे काय पुरावा झाला? मेसेज तर मलाही येतात. परवा दुबईत लॉटरी लागल्याचा आला होता.'

'मग मी पुण्याहून मुंबईला गेलो कसा?'

'ते मी कसं सांगणार? जुन्या घाटाने गेला असाल.'

'आणि मीटिंगला सात जणांनी मला पाहिलंय त्याचं काय?'

'तुम्हाला पाहिलं हो. टोल भरताना कुठे पाहिलं?'

तेवढ्यात बाई टाळ्या वाजवत आमच्याकडे धावल्या. 'बघा, बघा! न बोलण्याचा व्यायाम असूनही यांना राहवत नाहीये! याला म्हणतात बाँडिंग!' आमचा फोटो निघाला. तो आता रिसेप्शनच्या पडद्यावर फिरतो. त्यात आम्ही दोघं हात पसरून एकमेकांकडे झुकलेले दिसतो. खाली लिहिलंय, 'वुई केअर'.

पुढचा व्यायाम : आपली भीती जोडीदाराला सांगा. आजूबाजूला लोक अपयश, एकटेपण, उंची असल्या भारदस्त भीत्या काढत होते. आमच्या गृहस्थांनी क्षणभरही न दवडता सांगितलं, 'ऑडिटर.'

आणि मग ते मोकळेच झाले. आधीच्या कंपनीत दसऱ्याला त्यांनी कॉम्प्युटरची पूजा मांडली. हार, पेढे, एक नारळ. वर्ष संपल्यावर ऑडिटरने विचारलं, नारळाची पावती कुठाय? मंडईतली नारळवाली बाई पावती देते का हो? नारळ तरी दाखवा, म्हणाला. तो फोडला. मग खोबरं? तेही खाल्लं. कुणी? शेवटी साहेबाने सगळ्या डिपार्टमेंटसमोर त्यांना विचारलं, 'नारळ घरी नेलात का?' पैसे त्यांनी खिशातून भरले. हे सांगताना त्यांचा आवाज किंचित हलला. 'रक्कम काही मोठी नव्हती,' ते म्हणाले, 'पण घरी नेलात का, असं विचारलंन्.'

यावर मी काहीतरी बोलणार होतो, पण घंटी वाजली. भीतीसाठी राखून ठेवलेली चार मिनिटं संपली होती.

नंतर बाईंनी स्लाइडवर हॉथॉर्नचे प्रयोग दाखवले. शिकागोजवळच्या कारखान्यात १९२७ साली टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं, सुट्ट्या-विश्रांतीत बदल करून पाहिले आणि उत्पादन वाढलं. का, तर कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, असं त्यांना वाटलं. निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले, ते असोत. बाईंनी एक गोष्ट मात्र गाळली. सुरुवातीला त्या खोलीत असलेल्या दोन मुलींना पुढच्याच वर्षी तिथून काढलं होतं आणि त्यांच्याविरुद्ध एक मोठी तक्रार होती, फार गप्पा मारतात! माणुसकीच्या प्रयोगातून माणसं काढली, आणि कारण काय, तर बोलतात.

आमच्याकडेही तेच झालंय. पूर्वी मजल्यावर चहा घेऊन एक मामा यायचे. कुणाची आई दवाखान्यात आहे, कुणी चहा न पिता नुसता कप हातात धरून बसलंय, हे त्यांना मॅनेजरच्या आधी कळायचं. त्यांच्या जागी यंत्र आलं. त्याला माझा कार्ड नंबर कळतो, बाकी आनंद. मग ठरलेल्या जागा गेल्या. रोज मोबाइलवर टेबल बुक करायचं, शेजारी कोण हे नशिबावर. मग अकाउंट्सवाल्यांना तिसऱ्या मजल्यावर दाराआड बसवलं, सगळं पोर्टलवरून. ज्या माणसाशी जिन्यात दोन वाक्यांत मिटलं असतं त्याच्याशी मी महिनोन्महिने तिकीट नंबराने भांडतोय. आणि एवढं सगळं उपटून झाल्यावर आपुलकीची रोपं लावायला बाहेरून बाई आणतात! त्यांचं बिल मात्र कुठल्याही पावतीशिवाय पास होत असणार. मला खात्री आहे.

शेवटी फॉर्म आला : 'तुम्हाला सहकाऱ्यांशी किती जोडलेलं वाटतं? एक ते पाच.' तीनपेक्षा कमी दिलं की 'कारण द्या'ची चौकट उघडते. सात वाजायला आले होते. सगळ्यांनी पाच दिले.

सोमवारी टेबलावरचा फोन वाजला. तो वाजतो हेच मला माहीत नव्हतं.

'टोलवाले का? मी बोलतोय. तुमचं बिल परत पाठवतोय.'

'अहो, आता तर मी बँकेचं स्टेटमेंटसुद्धा जोडलंय!'

'त्यावर बँकेचा शिक्का नाही.'

'ते ऑनलाइन काढलेलं आहे हो!'

'मला कळतं. ऑडिटरला कळायला हवं ना. आता दोन मिनिटांत मेल येईल, एकदम बघून वाईट वाटायला नको, म्हणून आधी फोन केला.' मग जरा थांबून म्हणाले, 'चहा झाला का? गेटबाहेर टपरीवर येताय? पैसे मी देतो. तिथेही पावती मिळत नाही.'