तीस फुटी काठी आणि पन्नासची लेन्स

कॅमेऱ्याविषयी मत नसलेला मनुष्य मला सोलापुरात अद्याप भेटलेला नाही. काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याविषयी, रखडलेल्या रस्त्यांविषयी किंवा यंदाच्या उन्हाळ्याविषयी लोकांची मते असणे मी समजू शकते, कारण ते भोग सर्वांच्या वाट्याला सारखेच येतात. परंतु आयुष्यात स्वतःच्या पैशाने कधीही कॅमेरा न घेतलेली माणसेही मी कोणता कॅमेरा घ्यावा, याबाबत इतकी ठाम असतील याची मला कल्पना नव्हती.

माझी इच्छा अगदी साधी होती. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला एकेक मानकरी ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालत असतो आणि गर्दीतून ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ असा गजर उठत असतो. हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आले आहे. माझ्या फोनमध्ये मात्र त्याची जी छायाचित्रे आहेत, त्यांत खाली अनोळखी माणसांच्या टोप्या, वर विजेच्या तारा आणि मध्ये काठीचा कमरेपासून छातीपर्यंतचा भाग एवढेच आलेले आहे. म्हणून या खेपेस खरा कॅमेरा घ्यावा, असे मी घरी जाहीर केले. नवरा म्हणाला, “फोन आहे की.” हे वाक्य त्याने पुढील काही आठवडे वेगवेगळ्या स्वरांत उच्चारले.

सासऱ्यांचा मात्र पाठिंबा होता, फक्त तो चुकीच्या शतकाला होता. त्यांच्याकडे अजून त्यांचा अगफा क्लिक-३ आहे. त्याच्या रिळात बारा फोटो बसत, आणि ते बारा फोटो त्यांनी कसे पुरवून पुरवून काढले, हे आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माहीत आहे. “एका कार्डावर हजारो फोटो मावतात,” असे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले आणि विचारले, “मग विचार कधी करणार?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही, म्हणून तो येथेच सोडते.

बँकेतील माझे एक सहकारी रविवारी पहाटे उठून हिप्परग्याच्या तलावावर पक्षी पाहायला जातात. त्यांना बातमी कळली, तेव्हा ते माझ्या काउंटरपाशी येऊन हलक्या आवाजात, एखाद्या खात्याचा गुप्त तपशील सांगावा तसे म्हणाले, “मॅडम, दीडशे-सहाशे घ्या. त्याच्या खाली जाऊ नका.” दीडशे ते सहाशे मिलिमीटरची ही लेन्स जवळजवळ दोन किलोंची असते. उजनीच्या फुगवट्यावर थव्याने उतरणारे रोहित पक्षी आणि नान्नजच्या माळावर नशीब असेल तर दिसणारा माळढोक, या दोहोंसाठी तिला पर्याय नाही, हे त्यांनी मला पटवून दिले. मला माळढोक टिपायचा नसून मिरवणूक टिपायची आहे, असे मी म्हटल्यावर ते थोडे गोंधळले आणि म्हणाले, “पण पुढे माळढोक टिपावासा वाटला तर?” ज्या पक्ष्याच्या दर्शनासाठी माणसे वर्षानुवर्षे माळ तुडवतात, त्याने माझ्यासमोर येऊन उभे राहावे आणि त्या क्षणी माझ्याकडे लहान लेन्स असावी, ही त्यांच्या दृष्टीने खरी आपत्ती होती.

आमच्या गल्लीतील लग्नाचे फोटो काढणारे गृहस्थ अधिक व्यवहारी निघाले. “वहिनी, घ्यायलाव तर फुल फ्रेमच घ्या, आणि सत्तर-दोनशे, दोन पॉइंट आठ. लग्नाचा हॉल म्हटला की उजेड कमीच असतोय बघा.” माझ्या घरी येत्या पाच-सात वर्षांत एकही लग्न नाही, हे त्यांना मान्य नव्हते, एवढा कॅमेरा घेतल्यावर लग्ने आपोआप येतील, असा त्यांचा हिशेब होता. फुल फ्रेम म्हणजे ज्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या रिळाच्या एका चौकटीएवढा असतो तो कॅमेरा. माझ्या ऐपतीतले बहुतेक कॅमेरे एपीएस-सी जातीचे, सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटर सेन्सरचे होते. त्यामुळे दृश्य कडांनी कापले जाते आणि ५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरील ७५ च्या लेन्सएवढेच अरुंद दाखवते. हे मी नीट समजून घेतले आणि अभिमानाने नवऱ्याला समजावून सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे पैसे देऊन कमी दिसणार. फोन आहे की.”

भाच्याचा विषय मी थोडक्यात संपवते. त्याला फोर-के व्हिडिओ, उलटी वळणारी स्क्रीन आणि माझ्या गैरहजेरीत वापरायला कॅमेरा हवा होता.

नवी पेठेतल्या एका दुकानात गेले, तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने माझ्याशी मेगापिक्सेलची भाषा सुरू केली. चोवीसपेक्षा तेहेतीस चांगले आणि तेहेतिसापेक्षा पंचेचाळीस चांगले, अशी त्याची चढती भाजणी होती आणि प्रत्येक पायरीवर किंमत पाच आकडी रकमेने वाढत होती. माझ्या नोकरीचा मला झालेला एकमेव फायदा म्हणजे आकड्यांची भीती गेली आहे. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके या उत्तम छपाईच्या मापाने त्याचा फोटो २० इंच लांब आणि १३ इंचांहून थोडा अधिक रुंद निघतो. आमच्या घरात एवढा मोठा फोटो फक्त आजेसासऱ्यांचा आहे, त्याला हार घातलेला आहे आणि तेवढ्या मापाचा दुसरा फोटो इतक्यात लावण्याची कोणाचीही इच्छा नाही. शिवाय मेगापिक्सेल दुप्पट झाले, तरी फोटोची लांबी दुप्पट होत नाही, जेमतेम १.४ पट होते. हे मी त्या तरुणाला सांगितले. त्याने शांतपणे विचारले, “मॅडम, कॅमेरा साहेबांसाठी घ्यायचाय का मुलासाठी?”

या सगळ्या काळात मला प्रत्यक्ष मदत झाली ती आयुष्यात एकदाही कॅमेरा हाती न धरलेल्या माणसाची. आमच्या शेजारचे मामा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिल बंद होऊन इतकी वर्षे झाली, तरी सुताच्या गोष्टीत त्यांचा शब्द अजून अखेरचा मानला जातो. एका संध्याकाळी मी ओट्यावर बसून कॅमेऱ्याचे पुस्तक वाचत होते आणि त्यातील एफच्या आकड्यांवर चिडचिड करीत होते. एफ २ वर लेन्सचे प्रकाश आत घेणारे भोक मोठे, एफ ८ चे लहान आणि एफ १६ चे त्याहून लहान, ही उलटी गणना कोणत्या शहाण्याने केली, असे मी मोठ्यानेच म्हटले असावे. मामांनी तंबाखू मळता मळता विचारले, “ताई, वीसचं सूत जाड का साठचं?” साठचे बारीक असते, एवढे सोलापुरात राहून मलाही ठाऊक होते. “मग त्यात उलटं काय आहे? एका पौंडात आठशे चाळीस यार्डांच्या किती लडी बसतात, तो सुताचा नंबर. लडी जास्त बसल्या म्हणजे सूत बारीक.” मी पुस्तक पुन्हा पाहिले. लेन्सच्या नाभीय अंतरात, म्हणजे तिच्या नावातल्या मिलिमीटरांत, तिच्या भोकाचा व्यास किती वेळा बसतो, तो एफचा आकडा. ५० च्या लेन्सला एफ २ वर २५ मिलिमीटरचे भोक आणि एफ ८ वर सव्वासहा मिलिमीटरचे. पुस्तकाच्या लेखकाने रंगीत आकृत्या काढून जे मला सांगता आले नव्हते, ते मामांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकण्याआधी संपवले.

त्यानंतर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो तोवर मला कोणीही विचारला नव्हता: “फोटो कशाचा घ्यायचाय आणि तुम्ही उभ्या कुठं राहणार?”

मी घरात जाऊन कागद घेतला. हिशेबापुरती काठीची उंची तीस फूट धरली. कॅमेरा उभा धरला, तर सेन्सरची लांब बाजू २३.५ मिलिमीटर. उंचीला लेन्सच्या मिलिमीटरने गुणायचे आणि २३.५ ने भागायचे, की संपूर्ण काठी चौकटीत बसण्यासाठी किती लांब उभे राहावे लागेल ते कळते. १८ मिलिमीटरवर उत्तर आले २३ फूट. ५० वर ६४ फूट. लग्नवाल्यांच्या सत्तर-दोनशेवर, अगदी सत्तरलाच ठेवले, तरी ८९ फूट. आणि आमच्या पक्षिमित्रांच्या ६०० वर सुमारे ७६५ फूट, म्हणजे सिद्धेश्वर तलावाच्या पलीकडच्या काठावरून, मध्ये कोणी उभे राहणार नाही या अटीवर. यात्रेच्या गर्दीत तेवीस फूट मोकळे मिळणेही देवाच्याच हाती असते. चौसष्ट फुटांवर तर मधल्या माणसांची संख्या एवढी असते, की काठीऐवजी त्यांचाच समूहफोटो निघाला असता. त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर येणारी आणि सर्व सल्लागारांनी एकमुखाने ‘टाकून द्या’ म्हणून सांगितलेली १८-५५ ची साधी लेन्स हीच माझ्या कामाची ठरली. तिची निंदा एवढ्या लोकांनी केली होती, की तिच्याविषयी मला थोडी आपुलकीही वाटू लागली होती.

पण एक अडचण राहत होती. अंधार पडल्यावर होम मैदानावर शोभेचे दारूकाम असते, आणि ते पाहणाऱ्यांचे उजळलेले चेहरे मला दारूकामापेक्षाही अधिक हवे होते. १८-५५ ची लेन्स ५५ च्या टोकाला एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. एफ १.८ ची ५० मिलिमीटर लेन्स तिच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते आणि बहुतेक सर्व कंपन्यांकडे ती स्वस्त लेन्सांपैकी एक असते. तेव्हा दोन लेन्सा, असे ठरले. मध्यंतरी एका ओळखीच्यांनी “अगदी नव्यासारखी आहे” म्हणून जुनी लेन्स निम्म्या किमतीत देऊ केली होती. तीत फोकसची मोटर नव्हती. ती मोटर कॅमेऱ्यात असावी लागते आणि नवशिक्यांसाठीच्या स्वस्त निकॉन डीएसएलआरांत, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत, ती नसते. म्हणजे फोकस हाताने फिरवत बसायचे. शिवाय २०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड असे नवे माउंट, म्हणजे लेन्स जोडायच्या नव्या खाचा, आणल्यापासून, जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडायची तर मध्ये अडॅप्टर घालावा लागतो. हे मी त्यांना नम्रपणे सांगितले, तेव्हा “एवढं कोण बघतंय?” असे ते म्हणाले. ग्राहकाने बघू नये, या एका गृहीतावर पुष्कळ व्यवहार चालतात.

खरेदीच्या दिवशी नवरा सोबत आला. दुकानातील तरुणाला त्यामुळे हायसे वाटलेले दिसले. त्याने कॅमेरा थेट नवऱ्याच्या हातात दिला, पकड कशी आहे ते विचारले, मेनू उघडून दाखवला आणि एपीएस-सी म्हणजे काय तेही समजावले. नवऱ्याने लेन्सचे झाकण न काढता डोळा लावला आणि म्हणाला, “काळं दिसतंय.” त्यावर दोघेही विचारात पडले. झाकण मी काढले, पैसेही मीच दिले. १८ टक्के जीएसटीसह बिल मात्र नवऱ्याच्या नावाने तयार झाले होते. ते बदलून घेण्यात कॅमेरा निवडण्याइतकाच वेळ गेला.

यात्रेचे थोडक्यात सांगते. सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्याभोवती दुपारच्या उन्हात हजारो माणसे पांढऱ्या कपड्यांत उभी असतात, आणि कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे तो सर्व बाराबंद्या महिनाभर न धुतल्यासारख्या दाखवतो. एक्स्पोजर एका पायरीने वाढवले, की त्या पुन्हा पांढऱ्या होतात. काठी मला संपूर्ण मिळाली, ती एका ओळखीच्या घराच्या गच्चीवरून, आणि तेथेही विजेच्या तारा होत्याच. तारांवर कोणत्याही लेन्सचा उपाय चालत नाही.

खरी परीक्षा पुढे, नात्यातल्या एका बारशाला झाली. ‘मोठा कॅमेरा’ आल्याची बातमी पसरल्यामुळे फोटोंचे काम मला न विचारता माझ्याकडे आले. संध्याकाळची वेळ, दहा बाय बाराची खोली, एकच दिवा. म्हणून मी पन्नासची लेन्स लावली, एफ १.८ वर उघडली आणि मागे सरकायला जागा नसल्याने पाळण्यापासून मीटरभर अंतरावर भिंतीला टेकून उभी राहिले. एवढ्या अंतरावरून या लेन्सने जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. आत्याबाई बाळाच्या कानात कुर्रर्र करायला वाकल्या, मागून बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, आणि मी बाळाच्या कानावर फोकस करून बटण दाबले. कान उत्तम आला. इतका उत्तम, की त्याच्यावरची लव मोजता यावी.

आत्याबाईंनी फोटो बराच वेळ न्याहाळला. त्या दिवसासाठी त्यांनी नवी इरकल नेसली होती.

“यात मी कुठं आहे?”

“ही काय, मागे.”

“आणि साडी?”

“रंग आलाय ना, आत्या.”

“काठ?”

“काठ तीन सेंटिमीटरच्या बाहेर होते.”

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला आणि माझ्या नवऱ्याकडे वळून विचारले, “एवढा महागाचा कॅमेरा घेतलास, मग फोटो हिला का काढायला लावलेस रे?”