हाय की, खरं चालंना

खानापुरात पाऊस लागायच्या आधी कौलं शाकारून घ्यायची आणि पाऊस लागला की केबलवाल्या पोराला फोन लावायचा, हा आमचा शिरस्ता आहे. कौलांचा माणूस निदान येतो.

“सर, बॉक्सवर लाईट कुठली लागलीया?”

“हिरवी.”

“मग नेट हाय की!”

“हाय की, खरं चालंना.”

पोरगं गप्प. त्याचंही बरोबर आहे. हिरवा दिवा खोटं बोलत नाही, त्याला ठाऊक असतं तेवढंच तो सांगतो. वीज गेली तरी माझा राउटर इन्व्हर्टरवर खुशाल चालतो, पण कोपऱ्यावरच्या खांबावर केबलची जी पेटी आहे तिला इन्व्हर्टर कोण देणार? माझ्या टेबलापासून राउटरपर्यंत सगळं सुरळीत आणि खांबापासून पुढे काळोख.

आता या परिस्थितीत कॉम्प्युटरनं काय समजायचं? मी लोकांच्या जीएसटीची कामं करतो, महिन्याच्या 20 तारखेला माझ्याकडे लगीनघाई असते. त्याच दिवशी मेलचा प्रोग्रॅम सांगतो, ‘तुम्ही ऑफलाइन आहात.’ शेजारच्या खिडकीत ब्राउझर मात्र पानं उघडतोय. कधी याच्या बरोबर उलटं. एका छपराखाली चार मतं ही सीमाभागात नवलाई नाही, पण ती निदान चार माणसांची असतात.

माझ्या निपाणीच्या मेहुण्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याचा मोबाइल खिडकीत ठेवला की कर्नाटकाचा, उशाशी ठेवला की महाराष्ट्र-गोवा सर्कलचा. रोमिंगला पैसे पडत होते त्या काळात तो खिडकीत उभा राहूनच बोलायचा. 1956 पासून भिजत पडलेला प्रश्न टॉवरनं परस्पर निकालात काढला होता, वर बिलही लावलं होतं.

पुण्याहून आलेल्या भाच्यानं मला या गोंधळाची कुळकथा सांगितली. प्रत्येक प्रोग्रॅमनं आपापलं चाचपत बसण्यापेक्षा एकच कारभारी नेमावा, त्यानं नेट आहे की नाही ते सगळ्यांना सांगावं, असा विचार निघाला. लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर, रेड हॅट कंपनीनं 2004 साली ‘नेटवर्कमॅनेजर’ नावाचा असा कारभारी आणला. कल्पना झकास. पण कारभारी म्हटला की त्याचं दफ्तर आलं. जे कनेक्शन त्याच्या हातून जोडलेलं नाही, ते त्याच्या लेखी नाहीच! 2008 साली फायरफॉक्स 3 हा ब्राउझर आला तो या कारभाऱ्याच्या शब्दावर विसंबून. लोकांनी दुसऱ्या मार्गानं मोडेम जोडलेला, नेट धो धो वाहतंय, आणि फायरफॉक्स ‘ऑफलाइन’ होऊन बसलेला. उताऱ्यावर नाव नाही म्हणून घरमालकाला दारात उभं केलेलं मी तालुक्याच्या ठिकाणी पाहिलंय, त्यातलाच हा प्रकार.

पुढे कारभाऱ्यानं उत्तराचे पाच प्रकार केले: ठाऊक नाही, नाही, दारात अडवलंय, अर्धवट आहे, आणि पूर्ण आहे. दारात अडवलंय म्हणजे लॉजचं वाय-फाय, जे आधी मोबाइल नंबर मागतं. चौथं उत्तर आमच्यासाठीच लिहिलेलं आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

विंडोजची रीत सरळ. व्हिस्टा या जुन्या आवृत्तीपासून ते गुपचूप मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक इवलीशी फाइल मागवून बघतं. विंडोज 10 मध्ये त्या फाइलीत ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द. ते जसेच्या तसे आले की नेट आहे. म्हणजे जगात नेट आहे की नाही हे ठरतं मायक्रोसॉफ्टचं दार उघडलं की नाही त्यावर. मार्च 2020 मध्ये, अख्खा देश घरी बसून काम करायला लागला त्याच सुमारास, व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला घरून जोडणारा खासगी मार्ग, वापरणाऱ्या कित्येकांना विंडोज 10 ‘इंटरनेट नाही’ म्हणू लागलं. आउटलुकसारखे मेलचे प्रोग्रॅम त्याच्यावर विश्वास ठेवून जोडायलाच तयार होईनात. महिनाअखेरीस कंपनीला दुरुस्ती काढावी लागली.

ब्राउझर तर त्याहून भोळा. वेबसाइटनं त्याला विचारलं, ‘ऑनलाइन आहेस का?’ तर तो नुसता राउटरशी जोडलेला असला तरी ‘हो’ म्हणतो. पुढे खांबावर काय झालंय, हे त्याच्या गावीही नसतं.

मला सगळ्यात पटली ती अँड्रॉइडची युक्ती. ते गूगलकडे एक पान मागतं आणि गूगल त्याला 204 असा आकडा देऊन काहीच पाठवत नाही. काहीच आलं नाही म्हणजे सगळं ठीक! काही आलंच, तर ते लॉजवाल्यानं मध्येच घुसवलेलं पान आहे हे ओळखायचं.

भाचा हे कौतुकानं सांगत होता तेव्हा आमची ही पोळ्या लाटत ऐकत होती. “यात काय मोठंसं? मी कुंपणाशी जाऊन वहिनींना हाक मारते, ‘वहिनी, नेट हाय काय?’ नेट गेलं असेल तर त्या बाहेर येऊन अर्धा तास केबलवाल्याचा उद्धार करतात. असेल तर मोबाइलमधनं मान वर काढत नाहीत.”

परवाच्या 20 तारखेला मेलचा प्रोग्रॅम ऑफलाइन म्हणत होता, ब्राउझर ऑनलाइन, राउटर हिरवा, आणि केबलवाल्या पोराचा फोन कव्हरेज क्षेत्राबाहेर. मी बायकोला कुंपणाशी धाडलं. तिनं दोनदा खणखणीत हाक मारली. पलीकडून कुणी ओ दिली नाही.

मी रिटर्न भरून टाकलं.